धागा: ट्रान्सप्लांटनंतरचे संधिसाधू जंतू, नक्की कोणते, येतात कुठून आणि घरात काय काय सांभाळायचं?

जास्वंद_कोल्हापूर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मिस्टरांची किडनी ट्रान्सप्लांट झाली, सासूबाईंनीच दिली, दोघंही ठणठणीत आहेत. आता घरी आलोत आणि खरी गंमत इथं सुरू झालीय. गोळ्यांचा डबा म्हणजे किराणा दुकान आहे, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या तीन किडनी टिकवायच्या, त्या कळल्या. पण त्याबरोबर रोज एक सेप्ट्रान आहे आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाची एक प्रचंड महाग गोळी आहे, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो की इन्फेक्शन काहीच नाही तर अँटिबायोटिक कशाला, डॉक्टर लोक लुटतात वगैरे. डॉक्टरांनी सांगितलं "ऑपॉर्च्युनिस्टिक इन्फेक्शन होऊ नये म्हणून" आणि पुढचा पेशंट आत बोलावला. ओपीडीत गर्दी इतकी की दोष तरी कुणाला द्यायचा.

आमचं घर गावाकडचं, मागं गोठा, शेणखताचा उकिरडा, माळ्यावर कबुतरं, एक मांजर (तिला घरातून काढायला मुलगी तयार नाही). यातलं खरंच धोक्याचं काय आणि उगाच भीती काय? आणि हे जंतू आहेत तरी कोण? कुणीतरी नीट समजावून सांगा, घाबरवू नका, पण गोडगोडही बोलू नका.

आयुर्मित्र
ताई, मुळात प्रतिकारशक्ती वाढवली की कुठलाच जंतू काही करू शकत नाही. गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी द्या, आमच्या घरी लॉकडाऊनपासून सगळे घेतात, कुणाला साधी सर्दी नाही.

स्लाइडवाला
आयुर्मित्र, थांबा जरा. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती मुद्दाम, रोज मोजून-मापून खाली ठेवलीय त्याला ती "वाढवायचं" काहीतरी द्यायचं? शरीराला ती किडनी परकी वाटतेय, प्रतिकारशक्ती वाढली तर पहिला हल्ला तिच्यावरच. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये लिव्हरला सूज आल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तो वाद बाजूला ठेवू. पण ट्रान्सप्लांटवाल्याने डॉक्टरला न विचारता काढा घेणं म्हणजे आईने दिलेल्या किडनीशी जुगार आहे. जास्वंदताई, नको म्हणजे नको.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे विचारू नका. पण जंतूंशी रोजची उठबस आहे.

हे जंतू कुठल्या जंगलातून येत नाहीत. निम्मे तुमच्या मिस्टरांच्या अंगातच आधीपासून आहेत आणि निम्मे तुमच्या-माझ्या घरातल्या हवेत आहेत. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, आपल्याकडे बहुतेक सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही, आणि मग तो जन्मभर शरीरात पडून राहतो. पहारा ढिला झाला की उठतो. ताप, पांढऱ्या पेशी कमी, जुलाब, कधी फुप्फुस, कधी डोळ्याचा पडदा. ती महाग गोळी त्याच्यासाठी आहे. ती गोळी स्वतःही पांढऱ्या पेशी पाडते म्हणून सारखा सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) काढायला सांगतात, त्यात लूट नाही.

सेप्ट्रानची गंमत वेगळीच. ती मुख्यतः न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी नावाच्या बुरशीसाठी आहे. हो, बुरशीसाठी अँटिबायोटिक. हा प्राणी फार विचित्र आहे. १९०९ मध्ये शागास यांनी तो पाहिला तेव्हा तो त्यांना ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीचाच एक टप्पा वाटला, पुढं कित्येक दशकं लोक त्याला एकपेशीय परजीवी समजत होते, १९८८ मध्ये त्याचा आरएनए तपासल्यावर कळलं की ही बुरशी आहे. पण नेहमीच्या बुरशीच्या आवरणात जे एर्गोस्टेरॉल असतं ते हिच्यात नसतं, म्हणून अँफोटेरिसिनसारखी बुरशीवरची औषधं हिच्यावर चालत नाहीत आणि साधी सेप्ट्रान चालते. १९७७ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियाच्या मुलांवर अभ्यास झाला त्यात रोज हे औषध दिलेल्या मुलांना हा न्यूमोनिया जवळपास झालाच नाही, तेव्हापासून जगभर हेच चालू आहे. त्याच गोळीत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि काही प्रमाणात नोकार्डिया हा बॅक्टेरियाही आवरला जातो. एवढं सगळं एका स्वस्त गोळीत, आणि पाहुणे म्हणतात कशाला. पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला.

टग्या_सदाशिव
>> पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला
आमच्या पेठेत पहिला भागही ऐच्छिक आहे 😄
पण गंभीरपणे, स्लाइडवाले, एक शंका. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतील तर मग २०२१ मध्येच एकदम ब्लॅक फंगस कुठून आला? त्याआधी नव्हता का? तेव्हा कुणी ऑक्सिजनच्या नळीवर ढकललं, कुणी मास्कवर, कुणी वाफाऱ्यावर.

स्लाइडवाला
होता की. ब्लॅक फंगस म्हणजे म्यूकर, तो आमच्या लॅबमध्ये आधीही यायचा, पण कधीतरी. आणि तो आला की शुगरच्या पेशंटचाच नमुना असणार हे फॉर्म न बघता सांगता यायचं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये मात्र रात्रीच्या ड्यूटीला एकामागून एक ईएनटीचे नमुने यायला लागले. नाकातला तो काळा तुकडा स्लाइडवर घ्यायचा, वर केओएच नावाच्या अल्कलीचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं, बाकीचं टिश्यू विरघळतं आणि बुरशीचे धागे उरतात. म्यूकरचे धागे रुंद, रिबिनीसारखे, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत आणि फांदी फुटते ती काटकोनात. अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पडदे असलेले, फांदी तिरकी. हा फरक दिसला की लगेच वरती फोन, कारण दोघांची औषधं वेगळी. अस्परजिलसला चालणारं व्होरिकोनॅझोल म्यूकरला चालत नाही. कल्चरची वाट बघत बसलात तर पेशंटचा डोळा जातो, आणि कल्चर बरेचदा उगवतही नाही, विशेषतः नमुना कुणी कुटून पाठवला असेल तर. धागे तुटले की मेले. उगवलं तर मात्र दोन-तीन दिवसांत कापसासारखं वाढून प्लेटच्या झाकणाला टेकतं.

"काळी" बुरशी असं नाव पडलं पण बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा बंद, आणि तो भाग मरून काळा पडतो. म्हणून नुसत्या औषधाने भागत नाही, रक्तच पोचत नाही तिथं औषध कसं पोचणार, मेलेलं कापूनच काढावं लागतं.

आणि तेव्हाच का? त्या लाटेत तीन गोष्टी एकत्र आल्या. आपल्याकडं आधीच ढीगभर डायबेटिस, त्यातला कितीतरी न तपासलेला. कोविडनेही साखर वाढत होती. आणि वरून स्टिरॉइड. स्टिरॉइडला शिव्या देत नाहीये, जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटचा जीव डेक्सामेथासोनने वाचतो. पण तिथं ६ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १० दिवस होते, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसलाच नव्हता. आपल्याकडं ते व्हॉट्सॲपवरच्या प्रिस्क्रिप्शनवर घरबसल्या, पहिल्या दिवसापासून, साखर न बघता घेतलं गेलं. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं की रक्तात एरवी प्रथिनाला बांधलेलं लोह सुटं होतं आणि म्यूकर लोहाचा हावरा. पांढऱ्या पेशी स्टिरॉइडने सुस्त, खायला साखर आणि लोह, अजून काय पाहिजे. ऑक्सिजनच्या नळीचं, इंडस्ट्रियल ऑक्सिजनचं तेव्हा खूप बोललं गेलं, पण ते सिद्ध झालेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
माझ्या काकांचं हेच झालं होतं म्हणून लिहितो. कोविड होऊन घरी आले, बरे होते, मग म्हणे वरचा दात हलतोय आणि एका बाजूचा गाल दुखतो. दाताच्या डॉक्टरकडं गेले, त्याने दात काढला. नंतर डोळा सुजला तेव्हा नागपूरला आणलं. शुगर कधी तपासलीच नव्हती, ती चारशेच्या वर निघाली. वरचा जबडा काढावा लागला एका बाजूचा. आणि ते इंजेक्शन, लायपोसोमल अँफोटेरिसिन, किलोला ५ मिलिग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या रोज सहा कुप्या, कित्येक आठवडे. तेव्हा बाजारात एक कुपी मिळत नव्हती, कलेक्टर ऑफिसच्या यादीत नाव लावायचं आणि फोनची वाट बघायची. त्यात पोटॅशियम खाली जायचं, क्रिएटिनिन वर जायचं (म्हणजे किडनीला त्रास), रोज रक्त. आता प्लेट बसवलीय टाळूला, ती काढली की बोलणं कळत नाही, पण माणूस आहे, रोज सकाळी पेपरवर भांडतो.

एकच सांगतो, कोविडनंतर असो की नसो, शुगरवाल्या माणसाचं एकाच बाजूचं नाक बंद, एकाच बाजूचा गाल बधिर, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग, यातलं काही आलं तर दाताचा डॉक्टर नंतर, आधी ईएनटी आणि त्याच दिवशी. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

जास्वंद_कोल्हापूर
वाचून अंगावर काटा आला. काकांना नमस्कार सांगा. मिस्टरांना ट्रान्सप्लांटनंतर शुगरही निघालीय, डॉक्टर म्हणाले टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइडमुळे होते काहींना. म्हणजे आम्ही दोन्ही बाजूंनी अडकलो. ग्लुकोमीटर आजच मागवते.

मंजिरी_समुपदेशक
मी पूर्वी एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) काउन्सेलर होते, तिथला अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते. "संधिसाधू संसर्ग" आम्हाला पाठ असायचा कारण आमच्याकडं येणारा पेशंट बहुतेकदा एचआयव्हीमुळे नाही तर यापैकीच कशामुळे तरी यायचा. तोंडात पांढरा थर, गिळताना दुखतं, वजन उतरलंय. तो थर म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी मारतो त्या, एरवी ५०० च्या वर असतात, त्या २०० च्या खाली गेल्या की न्यूमोसिस्टिस, १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर, ५० च्या खाली सीएमव्हीने डोळे, असा अंदाज असायचा. शरीराचा पहारा किती उतरलाय ते कुठला जंतू आलाय त्यावरून उलटं ओळखता यायचं. पण टीबी मात्र कुठलाच आकडा पाळत नाही, तो ५०० लाही येतो. आपल्याकडं एचआयव्हीत सगळ्यात जास्त माणसं टीबीनेच गेली.

एड्सचा शोधही असाच लागला ना. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद आली, सगळ्यांना हाच न्यूमोसिस्टिस. तरुण, आधी धडधाकट माणसांना होऊच नये असा आजार. त्यावरचं पेंटामिडीन औषध तेव्हा तिथं सीडीसीकडूनच मिळायचं आणि सँड्रा फोर्ड नावाच्या तिथल्या तंत्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं होतं की कारण न समजलेल्या पेशंटसाठी मागणी वाढतेय. एचआयव्ही विषाणू सापडला १९८३ मध्ये, म्हणजे पाहुणे आधी दिसले आणि दार कुणी उघडलं ते नंतर कळलं. भारतात १९८६ मध्ये चेन्नईला पहिल्या केसेस मिळाल्या, आणि फुकट एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. त्याआधीच्या पेशंटची नावं मला अजून आठवतात.

जास्वंद, टीबीचं विचारून ठेवा. ट्रान्सप्लांटच्या आधी मांटू किंवा इग्रा टेस्ट (अंगात झोपलेला टीबी शोधणारी) केली होती का, घरात पूर्वी कुणाला टीबी होता का. कारण नंतर टीबी झाला तर उपचारही किचकट, टीबीवरचं रिफाम्पिसिन दिलं की टॅक्रोलिमसची पातळी एकदम कोसळते आणि किडनी धोक्यात येते.

गाठदुखी
हे टीबीचं संधिवाताच्या पेशंटनाही लागू बरं का. मला ॲडालिमुमॅब हे संधिवाताचं इंजेक्शन सुरू करण्याआधी इग्रा आणि छातीचा एक्सरे केला, जुना झोपलेला टीबी निघाला, म्हणून आधी त्याच्या गोळ्या आणि मग इंजेक्शन. तेव्हा वैताग आला होता. टीएनएफ नावाचा जो पदार्थ ही औषधं अडवतात तोच टीबीच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवत असतो, हे नंतर वाचलं.

लीड्सचा_मालवणी
जास्वंदताई, मी स्वतः किडनीवाला, इकडं इंग्लंडात, बरीच वर्षं झाली, किडनी अजून मस्त चालू आहे म्हणून थोडा हक्काने बोलतो. पहिले सहा महिने सगळ्यात जपायचे, कारण गोळ्यांचा डोस तेव्हा सगळ्यात जास्त. नंतर डोस उतरतो आणि आयुष्य बऱ्यापैकी माणसासारखं होतं.

मला ट्रान्सप्लांटच्या आधी एक रक्ततपासणी केली ती ऐकून हसाल. स्ट्राँगायलॉइडिस म्हणून एक बारका जंत, जमिनीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत जातो. डॉक्टरने विचारलं लहानपण कुठं गेलं, म्हटलं सिंधुदुर्ग, चिखलात अनवाणी, भातलावणी. लगेच टेस्ट. हा जंत आतल्या आत पिल्लं घालून परत आतच वाढतो, त्यामुळे दशकानुदशकं राहतो, इथं ब्रह्मदेशच्या रेल्वेवर जपान्यांच्या कैदेत राबलेल्या सैनिकांमध्ये तो युद्धानंतर कितीतरी वर्षांनी सापडत होता. आणि स्टिरॉइड सुरू झालं की तो बेफाम होतो, आतड्यातून फुप्फुसात, आतड्यातले बॅक्टेरिया रक्तात घेऊन. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली, आयव्हरमेक्टिनने भागलं. शेतकरी घरातल्या माणसाचं हे विचारून घ्याच.

दुसरं, पपनस. गणपतीत आमच्याकडं पपनस हवंच. पण ते आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतात, तर ते बंद. बुरशीची फ्लुकोनॅझोल गोळी पण तेच करते, गावच्या डॉक्टरने नायट्यासाठी सहज लिहून दिली आणि इकडं किडनी बिघडली असं व्हायला नको, कुठलंही नवीन औषध घेण्याआधी ट्रान्सप्लांटवाल्यांना फोन. आणि टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची.

घाटमाथा
मी शेतकरी माणूस, विचारतो स्पष्ट. शेणखत, उकिरडा, उसाचं पाचट, गोठा, हे सोडून कोल्हापुरात राहायचं कसं? त्यांनी काय पुण्यात फ्लॅट घ्यावा?

स्लाइडवाला
फ्लॅटची गरज नाही 😀 घाटमाथा, प्रश्न रास्त आहे. कुजणारा पालापाचोळा, खत, जुनं धान्य, ओला भुसा यात अस्परजिलस आणि म्यूकर भरपूर. ते शेजारी आहे म्हणून घाबरायचं नाही, ते उपसताना जो धुरळा उठतो त्यात उभं राहायचं नाही. खत पसरणं, पाचट कुट्टी, कणगी झाडणं, माळा साफ करणं ही कामं निदान पहिलं वर्ष दुसऱ्याने करायची. बांधकाम चालू असेल तिथं पण तेच. मातीत हात घालावाच लागला तर हातमोजे आणि पायात बूट, कारण म्यूकरचा एक भाऊबंद अपोफिझोमायसिस, तो आपल्याकडं जखमेतून शिरलेला सापडतो, धडधाकट माणसातही.

कबुतरं: विष्ठेत क्रिप्टोकॉकस असू शकतो. माळ्यावर जाळी मारा, विष्ठा वाळलेली झाडू नका, पाणी मारून ओली करून काढा, आणि ते मिस्टरांनी नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो गोंधळ झाला त्यात लोक ज्या फुप्फुसाच्या आजाराबद्दल बोलत होते तो बहुतांशी ॲलर्जीचा प्रकार, तो निरोगी माणसालाही होतो. त्याची आणि याची सरमिसळ नको.

मांजर: राहू दे. टॉक्सोप्लाझ्मा मांजरीच्या विष्ठेतून येतो पण ताज्या विष्ठेतला लगेच लागण करत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज साफ करा, अर्थात ते काम मुलीचं. तिची मांजर, तिची जबाबदारी. मटण मात्र पूर्ण शिजलेलं.

आणि कोल्हापूरकरांना सगळ्यात जड जाणारं: धारोष्ण दूध बंद. कट्ट्यावर म्हैस पिळून समोर दिलेला पेला कितीही फेसाळ दिसला तरी त्यात ब्रुसेला, लिस्टेरिया, गुरांचा टीबी काहीही असू शकतं. उकळलेलं दूध प्या पाहिजे तेवढं.

जास्वंद_कोल्हापूर
हे वाचून दाखवलं त्यांना. मांजर राहणार म्हणून लेक खूश, धारोष्ण गेलं म्हणून बाप रुसलाय.
पाणी आम्ही फिल्टरचं वापरतो, चालेल ना? आणि मोड आलेली मटकी, दही, ताक? जुलाब झाले होते तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी पोटासाठी पावडरची पुडी दिली होती, त्यात चांगले जंतू असतात म्हणे.

लीड्सचा_मालवणी
पाणी उकळून थंड केलेलं सगळ्यात बरं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून त्याने चार लाखांवर लोकांना जुलाब लावले होते, उकळीला मात्र तो मरतो. मटकी कच्ची नको, उसळ करून खा. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फ घालून, पाणीपुरी, हे विसरा. उकळलेल्या दुधाचं घरचं ताजं दही मी खातो, मला परवानगी आहे, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मंजिरी_समुपदेशक
पुडीबद्दल: त्यातल्या काहींमध्ये जिवंत यीस्ट असतं, सॅकरोमायसिस बुलार्डी. एरवी ठीक, पण प्रतिकारशक्ती खाली असलेल्या, विशेषतः मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटमध्ये ते यीस्टच रक्तात गेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. विचारल्याशिवाय नको. आणि जुलाब झाले तर घरी पुडी देण्यापेक्षा ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना कळवा, सीएमव्हीने पण जुलाब होतात आणि जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढते.

अजून एक, मुलीला किंवा घरात कुणाला लस द्यायची असेल तर द्या, पण मिस्टरांना जिवंत जंतूंच्या लशी चालत नाहीत, एमएमआर, कांजिण्या, यलो फीवर वगैरे. फ्लूची इंजेक्शनवाली चालते.

आणि ताप. स्टिरॉइडमुळे ताप दबतो, थर्मामीटर ९९ दाखवतो आणि माणूस आतून आजारी असतो. "आज काही बरं वाटत नाही", जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, कोरडा खोकला, एवढं पण पुरेसं आहे फोन करायला. न्यूमोसिस्टिस असाच हळू येतो. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.

जास्वंद_कोल्हापूर
सगळं वहीत उतरवलं. पुढच्या ओपीडीला विचारायची यादी: इग्रा झाली होती का, जंताची टेस्ट, सेप्ट्रान किती महिने, व्हॅलगॅन कधी बंद, दही. माळ्याला जाळी मारायला माणूस शनिवारी येतोय. सगळ्यांचे खूप आभार.

टग्या_सदाशिव
धाग्याचा फायदा घेऊन एक विषयांतर. आईला दम्याचा स्टिरॉइडवाला इनहेलर आहे, तिच्या जिभेवर पांढरे डाग येतात, पुसले तर खाली लाल. हा तोच कॅन्डिडा का? तिला बाकी काही नाही, शुगर पण नॉर्मल.

स्लाइडवाला
वर्णनावरून तसाच वाटतोय, डॉक्टरांना दाखवून घ्या, बहुतेक क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट देतील. इनहेलर बंद करू नका. स्पेसर लावून घ्यायला सांगा, औषध जिभेवर कमी पडतं. आणि प्रत्येक वेळी इनहेलर घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही. कवळी असेल तर रात्री काढून साफ करून ठेवायची, कॅन्डिडा तिच्यावरही बसतो.

टग्या_सदाशिव
कवळी आहे आणि ती रात्री काढत नाही. आज बोलतो तिच्याशी, म्हणजे उद्या मला जेवण नाही.